घरात टाकलेली रोपं तिसऱ्यांदा आडवी झाली, भाजीच्या वाफ्यासाठी मदत हवी (जळगाव)

नवशी_माळीण | ५ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, माझा पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जळगावात रो-हाऊस आहे, मागे साधारण दहा बाय बाराची मोकळी जागा आणि वर गच्ची. यंदा ठरवलं की भाजी घरचीच, आणि रोपंसुद्धा विकत आणायची नाहीत, बी घरातच टाकायचं. व्हिडिओ पाहून पाहून डोळे गेले, पण तीन वेळा टाकलं आणि तिन्ही वेळा गेलं.

पहिल्यांदा फेब्रुवारीत ट्रे बेडरूमच्या खिडकीत ठेवला, टोमॅटो सहाव्या दिवशी वर आले, मी नाचले, पण पुढच्या आठवड्यात शेवयांसारखी लांबच लांब झाली आणि एकमेकांच्या अंगावर पडली. मार्चमध्ये दुसऱ्यांदा केलं तेव्हा म्हटलं उजेड कमी पडला असेल, म्हणून चार पानांवर आलेला ट्रे सरळ गच्चीवर नेऊन ठेवला, दुपारी तीनला कपडे काढायला गेले तर सगळं वाळून पापड. तिसऱ्यांदा मागची काळी माती चाळून भरली, वरून प्लास्टिक लावलं, रोज न चुकता पाणी. उगवलं छान, पण पाचव्या दिवशी सकाळी पाहते तर अर्धी रोपं झोपलेली, बुडाशी देठ दोऱ्यासारखा झालेला.

मागच्या जागेचं पण विचारायचंय. माती काळी आहे, आत्ता एवढ्या भेगा पडल्यात की मुलीची पेन्सिल एका भेगेत गेली ती गेलीच. मिस्टर म्हणतात मेथीची जुडी दहा रुपयाला मिळते आणि तू आत्तापर्यंत बाराशे घातलेस. काय करू सांगा.

भुसावळ_जंक्शन | ५ एप्रिल, रात्री १०.०५

ताई एप्रिलमध्ये आमच्याकडे गच्चीवर कुरडया ठेवतात, टोमॅटो नाही. माफ करा, राहवलं नाही. मास्तर येतीलच, थांबा.

मास्तर_बागवाले | ६ एप्रिल, सकाळी ६.१५

आलो. ताई, तुमचे तिन्ही लॉट तीन वेगळ्या कारणांनी गेलेत, त्यामुळे एकच औषध शोधत बसू नका.

पहिला उजेडाविना गेला. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्याला लख्ख वाटतो, पण रोपाच्या लेखी तो अंधारच, म्हणून ते उजेड शोधत लांबत जातं. दुसरा सवय नसताना एकदम उन्हात नेल्यामुळे. सावलीत उगवलेलं पान कोवळं असतं, त्याला आपल्याकडच्या स्लॅबवरची दुपार म्हणजे तवाच, आणि ट्रेचा कप्पा एवढासा, त्यातलं पाणी दोन तासात उडतं. तिसरा म्हणजे रोप कोलमडणे, पुस्तकात त्यालाच रोपवाटिकेतला मर म्हणतात. पिथियमसारख्या बुरशी मातीत असतातच, तुम्ही वरून प्लास्टिक लावून आणि रोज पाणी घालून त्यांना जेवायला वाढलंत. एकदा देठ चिमटल्यासारखा झाला की ते रोप वाचत नाही, त्याच्यावर औषध ओतू नका. आधीच काळजी घ्यायची. न वापरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं, त्यात पाटीभर मिश्रणाला दोन चमचे ट्रायकोडर्मा, आणि पाणी वरून झारीने न घालता ट्रे परातीत ठेवून खालून प्यायला द्यायचं. वरचा थर बोटाला कोरडा लागला की मगच. ट्रायकोडर्मा वापरलं तर त्याच्या जोडीला रासायनिक बुरशीनाशक नको, ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, फक्त आपल्या बाजूची.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बघता ते व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या मुलुखातले आहेत. तिकडे बाहेर जमीन गोठलेली असते म्हणून लोक बी घरात टाकतात, म्हणून ते 'उबदार जागा, झाकण, दिवा' सांगतात. आपल्याला ऊब घेऊन काय करायचंय? खान्देशात बी घरात टाकायचं ते सावलीसाठी, आणि पुढे मृगात धो धो पावसाच्या थेंबाने बी उघडं पडू नये म्हणून. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते तेव्हा थोडी उबेची गरज, बाकी दहा महिने उलटंच. तुम्ही तिकडचं वेळापत्रक इकडे लावलंत.

आणि आत्ता टोमॅटो टाकूच नका. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रही तापलेली असली की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. एवढं जपून मे महिन्यात झाड मोठं केलं तरी नुसता पाला बघाल.

पुण्यातला_खान्देशी | ६ एप्रिल, सकाळी ११.२०

ग्रो लाइट लावा ना सरळ. मी बाल्कनीत दोन एलईडी बार लावलेत, टायमरवर १४ तास, रोपापासून वीतभर उंचीवर, मस्त ठेंगणी रोपं होतात. दोन हजारात काम.

भुसावळ_जंक्शन | ६ एप्रिल, सकाळी ११.३२

ज्या गावात सूर्य ४५ डिग्रीने फुकट तळपतो तिथे सूर्याचा दिवा विकत घ्यायला सांगतोय हा. पुण्याचं पाणी लागलं भो याला.

पुण्यातला_खान्देशी | ६ एप्रिल, सकाळी ११.४०

अरे पण फ्लॅटवाल्याने काय करायचं, माझी बाल्कनी उत्तरेला आहे 😀

मास्तर_बागवाले | ६ एप्रिल, दुपारी १.००

फ्लॅटमध्ये दिवा चुकीचा नाही, उलट चांगलाच. पण नवशीताईंना मागचं अंगण आहे, पूर्वेची बाजू आहे का ते विचारा आधी.

नवशी_माळीण | ६ एप्रिल, रात्री ९.१०

काका, पाय कुठेयत तुमचे. एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. पूर्वेला पुढचा ओटा आहे, सकाळी साडेनऊ-दहापर्यंत ऊन येतं मग भिंतीची सावली. पण घरात गार जागा म्हणाल तर नाहीच हो, कूलरसमोर ठेवू का ट्रे?

माहेर_यावल | ६ एप्रिल, रात्री १०.३०

कूलरसमोर नको ग बाई, तो वारा सगळी ओल पिऊन टाकतो. तुझ्याकडे माठ आहे ना? माठाच्या तिवईखाली ठेव. माठ पाझरतो, खाली कायम गारवा असतो, आमच्या सासूबाई वांग्याची, मिरचीची बी ओल्या फडक्यात पुरचुंडी करून तिथेच ठेवायच्या, तीन-चार दिवसात पांढरं टोक दिसलं की उचलून मातीत. तेव्हा धाब्याचं, मातीच्या छताचं घर होतं, आत गारच असायचं, आता स्लॅबच्या घरात तेवढा एकच कोपरा उरलाय. पण एक लक्षात ठेव, मातीतून हिरवा कोंब वर आला की त्याच दिवशी तिथून हलवायचं, एक दिवस जरी अंधारात राहिलं तरी मान काढतं. मग तुझ्या ओट्यावर.

केळीवाला_चोपडा | ७ एप्रिल, सकाळी ७.००

राम राम. आपला केळीचा भाग, त्यामुळे हार्डनिंग, म्हणजे रोपाला हळूहळू उन्हाची सवय लावणं, कोणी शिकवायची गरज नाही आपल्याला :) टिश्यूकल्चरचं रोप लॅबमधून येतं तेव्हा असंच कोवळं असतं, ते कोणी डायरेक्ट शेतात लावतं का? आधी बंदिस्त दमट जागेत, मग पिशवीत हिरव्या नेटखाली, मग शेतात. भाजीच्या रोपाला पण तेच, फक्त छोट्या प्रमाणात. ताई, तुम्ही ५० टक्केवाली हिरवी शेडनेट चार मीटर आणा, मागे चार बांबू ठोकून टाका. ओट्यावर दोन पानं झाली की आठ दिवस नेटखाली, सकाळचं ऊन रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं, लावणीच्या आधी चार दिवस पाणी जरा कमी करायचं म्हणजे देठ टणक होतो. आणि रोज दोनदा हाताचा तळवा रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवा, वाऱ्याने हलल्यासारखं, रोप ठेंगणं नि जाड होतं. नर्सरीवाले लोक काठी फिरवतात.

दुसरं, कोकोपीटची वीट घेतली की धुवून घ्या. साडेसहाशे ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते, ती बादलीत भिजवा, पिळा, परत भिजवा, दोन-तीन वेळा. स्वस्तातल्या विटेत मीठ फार असतं, रोपाच्या पानाच्या कडा जळतात आणि माणूस म्हणतो पाणी कमी पडलं.

गिरणाकाठ | ७ एप्रिल, सकाळी ९.४५

पाण्यावरून आठवलं, मी हुशारी करून कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोपांना घालायचो, वाया कशाला घालवा म्हणून. आमचं बोअरचं पाणी आधीच जड, कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात, म्हणजे मी रोपांना मिठाचा काढा पाजत होतो. कुंडीच्या कडेला पांढरा थर आला तेव्हा कळलं. एसीच्या नळीचं पाणी चालतं, ते क्षाराचं नसतं.

माहेर_यावल | ७ एप्रिल, दुपारी २.१५

अगं आणि ट्रेच पाहिजे असं काही नाही. वेलांसाठी पळसाच्या पानांचे द्रोण घे. गिलकी, दोडकी, गंगाफळ यांना मूळ हलवलेलं चालत नाही, द्रोणात बी लावायचं, दोन खरी पानं आली की द्रोणासकट आळ्यात ठेवायचं, द्रोण आपोआप कुजतो. कारल्याचं बी फार टणक असतं, रात्रभर नाही, पूर्ण एक दिवस भिजव आणि नेलकटरने टोकाला जरासा छेद दे. आमच्याकडे आखाजीला (अक्षय तृतीयेला) आळी खणून वेलाच्या बिया लावायची रीत आहे, झोक्यावर गाणी म्हणता म्हणता पोरी बिया टोचायच्या.

सातपुड्याचा_पायथा | ७ एप्रिल, रात्री ८.५०

मी सांगस ते ऐका ताई, बी टाकानं आन रोज उकरी पाहानं, हाई बंद करा! माझ्या बायकोची सवय आहे म्हणून सांगतो. मिरचीला आठ ते चौदा दिवस लागतात, ती पाचव्या दिवशी चमच्याने उकरून बघते, कोंब मोडतो.

नवशी_माळीण | ७ एप्रिल, रात्री ९.०५

😂 तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का भाऊ. मी पण उकरलं होतं.

मग आता नक्की काय टाकू आणि कधी? आणि ती भेगाळलेली जमीन?

मास्तर_बागवाले | ८ एप्रिल, सकाळी ६.३०

जमिनीचं आधी, कारण आत्ता एप्रिल-मेचं ऊन रोपांच्या काही कामाचं नाही पण जमिनीच्या फार कामाचं आहे. हे ऊन वाया घालवू नका. जागा वीतभर खोल खणा, ढेकळं फोडा, लव्हाळा असेल तर त्याच्या गाठी हाताने वेचा. मग भरपूर पाणी देऊन ओली करा आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबून टाका, हवा आत जायला नको. चार ते सहा आठवडे तसंच. आतली माती इतकी तापते की बऱ्याचशा बुरशी, किडींची अंडी, गवताचं बी मरतं. काळं प्लास्टिक नको हं, पारदर्शकच, ऊन आत गेलं पाहिजे. लव्हाळा मात्र याने पूर्ण मरत नाही, त्याची गाठ खोल असते, म्हणून वेचायला सांगितलं.

पऱ्हाटी | ८ एप्रिल, सकाळी १०.१०

काळ्या मातीत वाळू मिसळली की मोकळी होते ना? मी दोन घमेली टाकली होती.

मास्तर_बागवाले | ८ एप्रिल, सकाळी १०.४०

आणि मग कशी झाली? खरं सांगा.

पऱ्हाटी | ८ एप्रिल, सकाळी १०.४४

विटेसारखी 😐

मास्तर_बागवाले | ८ एप्रिल, सकाळी ११.२०

चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे घर बांधायचा माल. फरक पडायला अर्धीअधिक वाळूच लागेल. काळी माती मोकळी होते ती कुजलेल्या शेणखताने, पालापाचोळ्याने, वर्षानुवर्षं. कुजलेलं म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही, हातात घेतलं तर भुसभुशीत. ओलं शेण टाकलंत तर मुळं खाणारी हुमणी अळी आयती बोलावाल आणि मुळंही जळतील. नवशीताई, प्लास्टिक काढलं की गादीवाफा करा, तीन-साडेतीन फूट रुंद म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, वीतभर उंच, कारण ही माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. त्यात चार-पाच पाट्या शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. पण प्लास्टिक काढल्यावर परत खोल खणू नका, नाहीतर खालची न तापलेली माती वर येते, सगळी मेहनत पाण्यात.

टाकायचं काय ते ऐका. मागच्या जागेचा एक कोपरा प्लास्टिकविना मोकळा ठेवून त्यात आत्ता गवार, भेंडी थेट टोका, त्यांना ऊन चालतं, फक्त पाणी पाहिजे. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. वांगी, मिरची मे अखेर ट्रेमध्ये, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणीला तयार. मिरचीला ३५-४५ दिवस, वांग्याला ३०-३५, टोमॅटोला २५-३० दिवस रोपात लागतात. टोमॅटो खरा गोडीने येतो तो ऑगस्ट-सप्टेंबरला टाकलेला, फ्लॉवर-कोबी पण तेव्हाच. मुळा, गाजर, मेथी, पालक, कोथमीर कधीच ट्रेमध्ये नको, जागेवरच पेरा. कोथमिरीचा दाणा हाताने रगडून दोन फाकी करायच्या, एका दाण्यात दोन बिया असतात, पण मिक्सर नको.

शेवभाजी_विथ_पाव | ८ एप्रिल, दुपारी १२.३०

वाचूनच भूक लागली.

केळीवाला_चोपडा | ८ एप्रिल, रात्री ९.३०

ताई, पाकीट घेताना पाठीमागे टेस्टची तारीख आणि उगवणशक्ती बघा. टोमॅटो-वांग्याला किमान ७० टक्के, मिरचीला ६० टक्के असा सरकारी नियम आहे, म्हणजे शंभरातून चाळीस मिरच्या उगवल्या नाहीत तरी कंपनी नियमात बसते, मनाला लावून घेऊ नका, दीडपट टाका. मिरची, कांदा यांचं जुनं बी तर घेऊच नका, लवकर मरतं. घरी पडलेलं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा, किती फुटतात. आणि रंगीत गुलाबी-निळं बी असेल तर औषध लावलेलं असतं, हात धुवा, पोरांच्या हाती देऊ नका.

माहेर_यावल | ९ एप्रिल, सकाळी ८.००

वांग्याचं बी पाकिटाचं कशाला, भरताच्या वांग्याचं गावठी बी माझ्याकडे आहे. हिरवट पांढरं, मोठं, बिया कमी, आपलं जळगावचं भरिताचं वांगं, २०१६ साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय. भाची पुढच्या रविवारी जळगावला येतेय, तिच्याबरोबर राखेतली पुडी पाठवते. अट एकच, पहिल्या बहरातलं एक चांगलं वांगं झाडावरच ठेवायचं, फडकं बांधून, पिवळं धम्मक होईपर्यंत. मग गर पाण्यात कुस्करायचा, तळाशी बसतं ते बी चांगलं, तरंगतं ते फेकून द्यायचं. सावलीत वाळवून राखेत. आणि त्यातलं निम्मं मला परत.

नवशी_माळीण | ९ एप्रिल, सकाळी ८.२०

काकू 🙏 अट मान्य. मिस्टरांना सांगितलं बी फुकट मिळालं, पहिल्यांदा हसले.

नवशी_माळीण | २ जून, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. प्लास्टिक ४० दिवस ठेवलं, परवा काढलं. आतली माती हातात घेतली तर चक्क वेगळीच, गवताचं एक पातं नाही (लव्हाळा सोडून, काका तुम्ही बरोबर होता, त्याचे चार भाले प्लास्टिक फाडून वर आले). बी २४ मेला टाकलं. काकूंच्या पुडीतली ३० वांगी, पैकी २६ उगवली! माठाखालचं सगळं खरं आहे. मिरची ४० पैकी २२.

पण एक विचित्र झालं, टोमॅटोच्या ट्रेमध्ये (हो, टाकले मी थोडे, राहवलं नाही) काहीच उगवलं नाही, उकरून पाहिलं, शपथ एकदाच, तर बीच नाही आत!

सातपुड्याचा_पायथा | २ जून, रात्री १०.००

मुंग्या. लाल मुंग्या टोमॅटोचं बी ओढून नेतात भो. ट्रे विटांवर ठेवा आणि विटा पाण्याच्या ताटलीत.

मास्तर_बागवाले | ३ जून, सकाळी ६.१०

मुंग्यांनी तुमचं भलंच केलं. आता ऑगस्टपर्यंत टोमॅटोचं नाव काढू नका.

मिरचीनंदुरबार | ३ जून, दुपारी १२.००

मिरचीवर एक सांगतो, आमच्याकडे मिरचीचं पीक मोठं त्यामुळे फटके खाऊन शिकलोय. बोकड्या, म्हणजे पान आखडून होडीसारखं होतं तो रोग, बरेचदा रोपातूनच येतो. पांढरी माशी, फुलकिडे, कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड) कोवळ्या रोपावर बसले की ते रोप पुढे कधीच सुधारत नाही. ट्रेवर पहिल्या दिवसापासून मच्छरदाणी टाका.

मास्तर_बागवाले | ३ जून, दुपारी १.३०

मच्छरदाणीच्या भोकातून पांढरी माशी आरामात जाते, भाऊ. चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची कीडरोधक जाळी लागते. घरच्या घरी करायचं तर पातळ जुनं सुती लुगडं, दोन वेताच्या कमानींवर, हवा खेळती राहील असं. फुलकिडे त्यातूनही घुसतील एखाद-दुसरे, पण खूप फरक पडतो. जोडीला पिवळे-निळे चिकट कार्ड टांगा.

मिरचीनंदुरबार | ३ जून, दुपारी १.४५

मान्य. आम्ही पण आता जाळीच वापरतो, घरासाठी म्हणून मच्छरदाणी म्हटलं.

नवशी_माळीण | ३ जून, रात्री ९.३०

सासूबाईंचं जुनं लुगडं घेतलं. त्यांना आधी वाटलं मी पाळणा बांधतेय 🤦

नवशी_माळीण | ८ जुलै, रात्री १०.१५

लावणी झाली. संध्याकाळी पाचनंतर लावली, काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे (हो, आता आमचा फोन चालतो). २६ मधली १२ वांगी वाफ्यात, दोन-दोन फुटांवर, बाकी शेजारणींना वाटली. मिरची दीड फुटावर. दुसऱ्याच दिवशी तासभर असा पाऊस झाला की वाफा बुडाला, पण गादी उंच होती म्हणून सकाळपर्यंत निचरा झाला, शेजारच्यांची सपाट जमिनीतली रोपं मात्र पिवळी पडली. पश्चिमेच्या भिंतीला गिलकी आणि दोडकी चढवली, भाऊंच्या शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव करून. आता भिंत दुपारी तापत नाही, स्वयंपाकघरात खरंच फरक जाणवतोय.

एका वांग्याचा शेंडा मात्र लोंबलाय, बाकी झाड ठणठणीत.

केळीवाला_चोपडा | ८ जुलै, रात्री १०.४०

शेंडा पोखरणारी अळी. लोंबलेला शेंडा वीतभर खालून कापा, चिरून बघा, आत गुलाबी अळी दिसेल. जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, तिथेच टाकू नका. आठवड्यातून दोनदा फेरी मारून हेच करा, बारा झाडांना औषधाची गरज पडणार नाही. शेंडा सोडला तर हीच अळी पुढे फळात जाते. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारा) एक लावा, कृषी केंद्रात मिळतो, वांग्याचाच म्हणून सांगा, कापसाचा देतील नाहीतर.

भुसावळ_जंक्शन | ९ जुलै, सकाळी ७.३०

मिस्टरांचा हिशोब कुठवर आला? बाराशेवरून?

नवशी_माळीण | ९ जुलै, सकाळी ८.००

नेट, प्लास्टिक धरून एकवीसशे. पण गवार-भेंडी मे अखेरपासून विकत आणलेली नाही आणि गिलकी आता एवढी येतायत की मिस्टर स्वतः ऑफिसात वाटतात, वर सांगतात 'आमच्या घरची' 😏

नवशी_माळीण | चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.४०

काकू, कसं सांगू कळत नाहीये. सगळ्यात मोठं, सगळ्यात तुकतुकीत वांगं बियाण्याला ठेवलं होतं, लाल फडकं बांधून, तुम्ही सांगितलं तसं. पिवळेपणा नुकता चढायला लागला होता. काल सासरे म्हणाले देवाच्या नैवेद्याला मी वांगी काढून आणतो, आणि तेच आणलं. त्यांना वाटलं मी फडकं बांधून ते देवासाठीच राखून ठेवलंय. मी बाहेर आले तेव्हा ते पऱ्हाट्यांवर अर्धं भाजून झालं होतं. बी जून झालेलं, भरीत जरा कडवट लागलं, पण मिरची घरची, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात, कळण्याच्या भाकरीबरोबर कोणी काही बोललं नाही, सासऱ्यांनी तर दोनदा घेतलं.

माहेर_यावल | सकाळी ९.१०

अगं बोलणार कोण, त्यांनीच तर काढून आणलं ना. देवाला गेलं, जाऊ दे. झाडं अजून आहेत ना उभी? आता येईल त्यातलं दुसरं बांध, थंडीत पिकायला थोडे दिवस जास्त लागतील एवढंच. फडकं लाल नको, पांढरं बांध, आणि या वेळी आधी सासऱ्यांना सांगून ठेव.